हात दाखवून अवलक्षण

बौशरच्या आमच्या इमारतीखाली खजुराची तीन झाडं आहेत, बलदियानं लावलेली. बलदिया म्हणजे इथली नगरपालिका. मे महिना संपत आला की झाडांना घोस लटकतात, आधी हिरवे आणि मग हळदीसारखे पिवळे. मग एक दिवस बलदियाची माणसं शिडी घेऊन येतात आणि प्रत्येक घोसाला जाळीची पिशवी बांधून जातात. पिशव्या दिसल्या की मी समजते, उन्हाळा लागला. मस्कतमध्ये उन्हाळा जातो कधी, असं नवीन माणसं विचारतात. त्यांना मी एवढंच म्हणते, राहून बघा.

उन्हाळ्यात इथले नळसुद्धा उलटे होतात. गच्चीवरच्या टाकीतलं पाणी इतकं तापतं की गार पाण्याच्या नळाखाली हात धरवत नाही. मग गीझर बंद ठेवायचा. त्यात साठलेलं पाणी घरातल्या एसीमुळे जरा निवलेलं असतं, ते गरम पाण्याच्या नळातून घ्यायचं. इथं वर्षानुवर्षं राहणाऱ्या प्रत्येक बाईला हे ठाऊक असतं. नव्यानं आलेल्या बाईला मी हे पहिल्या दिवशी सांगत नाही. एकदा भाजू देते आणि मग सांगते, म्हणजे नीट लक्षात राहतं. हेमंत, माझा नवरा, म्हणतो की विभा, तू दुष्ट आहेस. तो हे हसत म्हणतो, कारण त्याला सगळं ठाऊक नाही.

या वर्षीही पिशव्या बांधून झाल्या आणि मला अझैबातला तो उन्हाळा आठवला. दर वर्षी आठवतो. नव्वदीचं दशक संपत आलं होतं. तेव्हा आम्ही अझैबाला राहत होतो, जुन्या विमानतळाजवळ. विमानं इतकी खालून जायची की कपाटातल्या स्टीलच्या वाट्या एकमेकींवर वाजायच्या. जूनमध्ये शाळांना सुट्ट्या लागल्या की अर्धी मराठी मंडळी मुंबई-पुण्याला पळायची. त्या वर्षी आम्ही दोनच बिऱ्हाडं इमारतीत उरलो, आम्ही आणि समोरची शैला. तिचा नवरा प्रभाकर आणि हेमंत एकाच कंपनीत इंजिनिअर होते. मी त्याच कंपनीत टाइपिंग आणि पत्रव्यवहार बघायची. माझा मुलगा सुट्टीत आजीकडे होता. शैलाची मुलगी जुई सात वर्षांची होती आणि तिला जन्मापासून ऐकू येत नव्हतं.

जुई सुंदर होती, हे आधी लिहायला हवं. मोठे डोळे, कुरळे केस, आणि सतत काहीतरी सांगायला निघालेले हात. पण पुण्याच्या डॉक्टरांनी शैलाला बजावलं होतं की हातवारे करू देऊ नका, मुलीला सवय लागेल आणि मग ती तोंडानं बोलणार नाही. कानाला मशीन लावा, ओठांकडे बघायला लावा, हात बांधलेत तरी चालेल. शैलानं बांधले नाहीत. पण जुईचे हात उडाले की ती ते पकडून मांडीवर दाबून ठेवायची. मशीननं काही उपयोग झाला नव्हता. सात वर्षांच्या जुईकडे ‘आ’ आणि ‘म्म’ असे दोन आवाज होते, आणि दाबून ठेवलेले दोन हात. इथल्या भारतीय शाळांनी तिला घेतलं नव्हतं. ऐकू न येणाऱ्या मुलांच्या इथल्या शाळेत चौकशी केली तर तिथलं सगळं अरबीतून.

आणि त्या उन्हाळ्यात स्वीडनचं पाकीट आलं.

आमची कंपनी पाण्याचे पंप विकायची. ते पंप स्वीडनमधल्या एका लहानशा गावातल्या कारखान्यात बनायचे. त्या गावाचं नाव आम्हा कुणालाच धड उच्चारता यायचं नाही, म्हणून ते इथेही लिहीत नाही. कारखान्याला दोन वर्षांसाठी मस्कतचा एक इंजिनिअर सहकुटुंब हवा होता. प्रभाकर सीनिअर, म्हणून त्याचं नाव पहिलं. त्याचं काही कारणानं जमलं नाही तर हेमंत. पाकीट पाठवलं होतं तिथल्या ‘कोम्यून’नं. कोम्यून म्हणजे काय, यावर ऑफिसात बरीच चर्चा झाली. शेवटी कंपनीची व्हिसा-मेडिकलची कामं बघणारे बशीरभाई म्हणाले, बलदियाच की ती. त्या दिवसापासून आम्ही सगळे त्या गावाला बर्फाची बलदिया म्हणायला लागलो.

आमची बलदिया आम्हाला ओळखायची ती दंडापुरती. गाडी मळकी ठेवली म्हणून, बाल्कनीत रस्त्यावरून दिसतील असे कपडे वाळत घातले म्हणून. या बलदियानं मात्र अजून न आलेल्या बिऱ्हाडासाठी चाळीस पानांची इंग्रजी पुस्तिका पाठवली होती. कचरा किती डब्यांत वेगळा करायचा, तळ्यावरचा बर्फ केव्हा चालण्याइतका पक्का होतो, बर्फ काढणारी गाडी सकाळी किती वाजता येते, वाचनालयातून एका वेळी किती पुस्तकं मिळतात, कपडे धुण्याच्या सामाईक खोलीत आपली वेळ कशी लिहून ठेवायची. पुस्तिकेची एकच प्रत होती. ती ऑफिसात माझ्याकडे आली, मी घरी आणली, आणि ती माझ्याकडेच राहिली.

शुक्रवारी सुट्टी असायची. मस्कतमध्ये उरलेल्या पाच-सहा मराठी बायका आमच्याकडे जमायच्या. एसी चालू, पडदे ओढलेले, फोडणीच्या पोह्यांचा वास, आणि मी मोठ्यानं पुस्तिका वाचायची. गवत कापण्याचे नियम वाचले की बायका खुदुखुदु हसायच्या. बाहेर पंचेचाळीसच्या वर पारा आणि आत बर्फावर घसरून पडलं तर कुणाला फोन करायचा याची माहिती. शैलाही हसायची, पण ती हसून झाल्यावर विचारायची, ‘विभा, तो तळ्याचा भाग परत वाच ना.’

शैलाचं वागणं मला आधी गमतीचं वाटलं आणि मग सहन होईना. तिनं एसी सोळावर लावून जुईला स्वेटर घालून बसवायला सुरुवात केली. थंडीची सवय व्हायला हवी, म्हणे. मी एकदा दुपारी गेले तर घराचा फ्रिज झालेला. दोघी मायलेकी लोकरी टोप्या घालून वरणभात खात होत्या आणि खिडकीच्या काचेला बाहेरून घाम आला होता. मी ही गोष्ट शुक्रवारी रंगवून सांगितली. टोपीतल्या वरणभाताची नक्कलसुद्धा केली. हसून हसून एकीच्या डोळ्यांत पाणी आलं. शैला त्या दिवशी यायची होती, पण जुईला ताप होता म्हणून आली नाही. तो ताप सोळावर लावलेल्या एसीचा, असंही मीच म्हणाले. त्यावर तर सगळ्या फारच हसल्या.

पुस्तिकेतलं एक पान मात्र मी कधीच मोठ्यानं वाचलं नाही. त्यावर दोन मुलींचा फोटो होता. समोरासमोर बसलेल्या, दोघींचे हात हवेत, दोघी हसताहेत. खाली लिहिलं होतं की ज्या मुलांना ऐकू येत नाही त्यांच्यासाठी शेजारच्या गावात शाळा आहे, तिथे खुणांच्या भाषेतून शिकवतात, कोम्यून रोज दारात टॅक्सी पाठवते, आणि आईवडिलांनाही ती भाषा मोफत शिकवतात. पुढे अशी सूचना होती की अर्जातल्या सातव्या प्रश्नाचं उत्तर खरं लिहावं, म्हणजे तुम्ही यायच्या आधी सगळी व्यवस्था करून ठेवता येईल. या उत्तराचा निवडीशी काही संबंध नाही.

अर्जात हा खुलासा नव्हता. अर्ज वेगळा, एका पानाचा. त्यात सातवा प्रश्न कोरडा होता: कुटुंबात कुणाला आजार वा अपंगत्व आहे काय. पुढे दोन चौकटी, हो आणि नाही.

आखातात राहिलेल्या माणसाला हा प्रश्न कसा ऐकू येतो, हे बाहेरच्याला कळणार नाही. इथं येण्याआधी मेडिकल, आल्यावर मेडिकल, व्हिसा वाढवताना मेडिकल. छातीच्या फोटोत जुना डाग दिसला म्हणून आठवड्यात परत गेलेली माणसं आम्ही सगळ्यांनी पाहिली होती. त्यामुळे अशा प्रश्नाचं उत्तर आम्हाला पाठ होतं. शैला आधी बशीरभाईंकडे गेली. ते दापोलीकडचे. वीस वर्षं हेच काम करत होते आणि कुणाचंही वाईट चिंतणारे नव्हते. ते म्हणाले, ‘वहिनी, फॉर्मात आजार लिवला का खलास. घरचा तिकीट.’ त्यांच्या गावच्या एका माणसाचं काय झालं तेही त्यांनी सांगितलं. शैलाला ते पटलं, पण पूर्ण पटलं नाही. म्हणून ती माझ्याकडे आली.

दुपारची वेळ होती. तिचा चेहरा उन्हानं लाल झाला होता. समोरच्या दारातून यायचं सोडून ती ऑफिसला टॅक्सीनं आली होती, कारण तिला तेवढाही धीर नव्हता. पर्समधून तिनं अर्ज काढला. सहाव्या प्रश्नापर्यंत तिच्या गोल अक्षरात सगळं भरलेलं होतं.

‘तू सगळं वाचलं आहेस,’ ती म्हणाली. ‘मला सांग, काय लिहू? तिकडे कदाचित हिच्यासाठी काही असेल गं. मोठे देश असतात ते. खरं लिहिलं तर विचारतील तरी.’

मी पुस्तिका आठवली. तो फोटो आठवला. ते पान कितवं होतं हेसुद्धा मला ठाऊक होतं.

‘हात दाखवून अवलक्षण कशाला?’ मी म्हणाले. ‘नाही लिही. एकदा तिथे पोचलीस की मग बघता येईल.’

तिनं माझ्याच पेनानं ‘नाही’च्या चौकटीत फुली मारली. मी अर्ज टाइप केला आणि त्याच दिवशी पाठवला.

मी असं का केलं, याचा विचार मी पुष्कळ केला आहे. सोपं उत्तर असं की मला हेमंतला पाठवायचं होतं. पण ते खोटं आहे. मला त्या थंडीत जायची काडीची हौस नव्हती. प्रभाकर गेला असता तरी माझं काही बिघडत नव्हतं. मला शैलाचं ते तोंड बघवत नव्हतं, एवढंच खरं. सात वर्षं ती आमच्यातली सगळ्यात बिचारी बाई होती. तिला भेटून घरी आलं की आपलं बरं चाललंय असं वाटायचं. त्या उन्हाळ्यात ती एकाएकी उजळली, गाणं गुणगुणायला लागली, जुईच्या स्वेटरला स्वतः विणलेली फुलं लावायला लागली. मला ते रुचलं नाही. माणसं याहून मोठ्या कारणांसाठी वाईट वागतात असा समज आहे. माझा अनुभव तसा नाही.

जुलैत कोम्यूनची बाई आली. गुनिल्ला तिचं नाव. पन्नाशीची, उंच, आणि मस्कतच्या जुलैला न जुमानता पायी फिरणारी. दुसऱ्याच दिवशी तिचं नाक सोललं. बिऱ्हाडाला प्रत्यक्ष भेटावं, घराबद्दल काय हवं-नको विचारावं, म्हणून कारखान्याच्या माणसांबरोबर तिला धाडलं होतं. गाव लहान, तरुण माणसं शहरात निघून जातात, म्हणून येणाऱ्या प्रत्येक कुटुंबाचं त्यांना अप्रूप, असं तिनं मला गाडीत सांगितलं. तिला शैलाकडे घेऊन जायचं काम माझ्याकडे आलं.

शैलानं घर लख्ख केलं होतं. चिवडा, नारळाच्या वड्या, कपबशांचा ठेवणीतला सेट. प्रभाकर टाय लावून बसला होता. जुईला नवा फ्रॉक घालून कोपऱ्यात चित्रं काढायला बसवलं होतं, पाठ आमच्याकडे. ‘शाय आहे,’ शैला आल्या आल्या म्हणाली. ‘व्हेरी शाय.’ हे तिनं दहा मिनिटांत तीनदा सांगितलं.

गुनिल्लानं पिशवीतून एक चकचकीत बिल्ला काढला. तिकडे हिवाळ्यात दुपारीच काळोख पडतो, मुलं हा बिल्ला कोटाला लावतात, म्हणजे गाडीच्या दिव्यात तो चमकतो आणि मूल दिसतं. कोम्यून प्रत्येक मुलाला देते. तो हातात धरून ती जुईच्या मागे गेली आणि तिनं नावानं हाक मारली. जुई रंगवत राहिली. तिनं पुन्हा हाक मारली, जरा मोठ्यानं. मग हळूच टाळी वाजवली. आमच्या डोक्यावरून विमान गेलं आणि वाट्या वाजल्या. जुईनं लाल रंग ठेवून पिवळा घेतला.

गुनिल्ला समोर जाऊन उकिडवी बसली. तिनं बिल्ला दाखवला आणि मग हातांनी काहीतरी केलं, अगदी थोडं, बोटं छातीशी नेऊन पुढे. जुई बघतच राहिली. आणि तिचे हात उडाले. दोन्ही हात हवेत, वेडेवाकडे, कसलाच अर्थ नसलेले, आणि घशातून तो ‘आ’. शैला धावली. इतक्या वर्षांच्या सवयीनं तिनं ते हात पकडले आणि फ्रॉकवर दाबून धरले.

‘तिला ऐकू येत नाही का?’ गुनिल्लानं शांतपणे विचारलं.

‘येतं,’ शैला म्हणाली. ‘सर्दी आहे. कानात सर्दी.’

ताकाला जाऊन भांडं लपवणं म्हणतात ते हेच. जे मागायला निघालो तेच पदराखाली दडवायचं. शैलानं माझ्याकडे पाहिलं. ती मदत मागत होती. मी एक वाक्य बोलले असते तर पुरे होतं. लिहू नको असं मीच सांगितलं, चूक माझी आहे, एवढंच. गुनिल्लाही माझ्याकडे वळली आणि अर्जात असं काही नव्हतं, असं म्हणाली.

‘मी फक्त टाइप केलं,’ मी इंग्रजीत म्हणाले. ‘त्यांनी जे लिहून दिलं ते.’

नारळाच्या वड्यांना कुणी हात लावला नाही. परत येताना गाडीत गुनिल्ला म्हणाली की तिचा प्रश्न बहिरेपणाचा नाही, त्यासाठी तर शाळा आहे, टॅक्सी आहे, सगळं आहे. प्रश्न असा की या माणसांनी कागदावर खोटं लिहिलं आणि तोंडावरही खोटं सांगितलं. कारखान्यात सगळं काम कागदावर चालतं. ती हे रागानं नाही, दुःखानं बोलत होती, आणि तिचं मन एका सरळ रेषेत चालत होतं. तिच्या देशात फॉर्मला कुणी घाबरत नसावं. तिला बशीरभाईंच्या गावचा माणूस कोण समजावणार? मी समजावू शकले असते. मी तिला विचारलं, एसी वाढवायला सांगू का?

सप्टेंबरात आम्ही निघालो.

त्या गावाबद्दल मी वाईट बोलणार नाही. एक रस्ता, एक चर्च, एक तळं, कारखाना, वाचनालय आणि हॉकीचं मैदान. नोव्हेंबरात तीन वाजता दिवे लागायचे. कपडे धुण्याच्या खोलीत ड्रायरची जाळी साफ केली नाही तर दारावर चिठ्ठी लागायची. चिठ्ठी सभ्य भाषेत असायची आणि ती वाचून दिवसभर कान तापायचे. मार्चमध्ये तळ्यावर एक पिंप ठेवायचे आणि बर्फ फुटून ते कधी बुडेल यावर सगळं गाव अंदाज बांधायचं. मैदानावरचे दिवे संध्याकाळी किती वाजता मालवावेत, यावर कोम्यूनच्या सभेत दोन तास वाद झालेला मी पाहिला आहे. माझ्या मुलाला मातृभाषेचा शिक्षक हवा का, असं विचारणारं पत्र आलं. साऱ्या जिल्ह्यात मराठी बोलणारे आम्ही तिघंच होतो, तरी त्यांनी विचारलं.

आणि टॅक्सी. रोज सकाळी सव्वासातला ती आमच्याच इमारतीसमोर थांबायची. दुसऱ्या मजल्यावरची एक मुलगी तिच्यातून शाळेला जायची. बाहेर मिट्ट काळोख, बर्फाचे ढीग, आणि एका मुलीसाठी मोठी गाडी, आतला दिवा लावून. ड्रायव्हर मागे वळून हातांनी तिच्याशी बोलायचा. ती खळखळून हसायची. मी स्वयंपाकघरातून कणीक मळताना हे बघायची. गाडीत आणखी तीन जणांची जागा होती. दोन हिवाळे मी ती गाडी बघितली आणि एकाही सकाळी पडदा ओढून घेतला नाही. मला बघायचं होतं. पश्चात्ताप म्हणतात तो हा की दुसरं काही, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

हिवाळ्यात तिथली माणसं वेळ जावा म्हणून काहीबाही शिकतात. वाचनालयात खुणांच्या भाषेचा वर्ग होता. शेजारीण गेली म्हणून मीही गेले. चाळीसेक शब्द शिकले: आई, पाणी, भूक, दुखतं, घर, ये, पुरे. हात चालायला लागले की फार गंमत वाटायची. वर्ग संपला तेव्हा आम्हाला कॉफी आणि केक दिला.

परत आलो तो पुन्हा उन्हाळाच होता, दोन हजार साल उजाडून गेलेलं. हेमंतला बढती मिळाली आणि आम्ही बौशरला घर घेतलं. शैलाचं बिऱ्हाड मस्कतच्याच जुन्या वस्तीत, हमरियाला, गेलं होतं. प्रभाकरवर ऑफिसात खोटारडा म्हणून शिक्का बसला, मग त्यानं ती नोकरी सोडली आणि रुवीतल्या एका लहान वर्कशॉपमध्ये लागला. वर्षभर मी जायचं टाळलं. एक दिवस हमरियात भाजी घेताना तिनंच मागून हाक मारली आणि ओढून वर घरी नेलं.

जिना अंधारा, खाली मसाल्याचं दुकान, वर दोन खोल्या. जुई दहा वर्षांची झाली होती, माझ्या खांद्याला लागेल एवढी. ती खिडकीशी बसली होती, हात मांडीवर, आता कुणी दाबून न धरताही. शैलानं चहा टाकला. तिचे केस पुढून पांढरे झाले होते. मला वाटलं होतं ती काहीतरी बोलेल, टोमणा मारेल, निदान तिरका प्रश्न विचारेल. मी मनात उत्तरंसुद्धा तयार ठेवली होती.

‘तू बरोबर सांगितलं होतंस गं,’ ती म्हणाली. ‘आम्हालाच जुईला नीट लपवता आलं नाही. त्या दिवशी तिला तुझ्याकडे ठेवायला हवं होतं.’

तीन वर्षं ती हे असं समजून जगत होती. मी चहा प्याले. आलं जास्त झालं होतं, तेही मी बोलून दाखवलं.

ती बिस्किटं आणायला आत गेली तेव्हा जुई माझ्याकडे बघत होती. ते मोठे डोळे तसेच. मला काय सुचलं कोण जाणे. खरं म्हणजे सुचलं असं नाही, मला माझी कला दाखवायची होती. मी दोन्ही हात वर नेले आणि बोटं हलवत हलवत हळूहळू खाली आणले. बर्फ पडतो आहे. वर्गात सगळ्यात आधी शिकवलेला शब्द. जुई उठून उभी राहिली. तिनं माझे हात बघितले, मग स्वतःचे. हात वर नेले आणि बोटं हलवत खाली आणले. मी मान डोलावली. तिनं पुन्हा केलं. पुन्हा. शैला दारात बशी घेऊन उभी होती. या वेळी तिनं हात पकडले नाहीत.

निघाले तरी जुई खिडकीतून तेच करत होती. खाली मसाल्यांच्या पोत्यांवरून तापलेली हवा वर चढत होती. मी गाडीत बसले आणि स्टिअरिंगला हात लावला तर चटका बसला.

आठवड्यानं शैलाचा फोन आला. आवाज हसल्यासारखा होता, मग लक्षात आलं की ती रडते आहे. ती म्हणाली, ‘त्या दिवसापासून ती सारखं तेच करते. तहान लागली तरी तेच, भूक लागली तरी तेच. काल रात्रभर पोट धरून तळमळत होती आणि मधूनच हात वर नेऊन बोटं हलवत होती. मी काय समजू? त्याचा अर्थ काय गं?’

‘बर्फ,’ मी म्हणाले.



‘आता डॉक्टर काहीही म्हणोत,’ ती म्हणाली, ‘तिला कळतंय विभा. दहा वर्षांत पहिल्यांदा तिला एक शब्द आला. दुसरे येतात का तुला? पाणी येतं? दुखतं येतं? मी रोज बसनं येईन तुझ्याकडे. आम्ही दोघी येऊ. तू म्हणशील त्या वेळेला.’

ती रोज आली असती. रोज माझ्या समोर बसून एकेक शब्द शिकली असती, आणि कधीतरी तिनं विचारलं असतं की हे तुला कुणी शिकवलं, कुठे, तिथे आणखी कोण यायचं.

मी म्हणाले, ‘मला तेवढाच येतो.’